दार घासते तेव्हा: बंगळुरूच्या घरातील दारे-खिडक्यांची पारख

बंगळुरूतल्या घराची दारे-खिडक्या एकदाच पाहून त्यांची खरी स्थिती कळत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरच्या या शहरात वर्षाला साधारण साडेनऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या मानाने हा निम्माही नाही, पण तो तीन वेगवेगळ्या दिशांनी आणि तऱ्हांनी येतो. एप्रिल-मेमधला वळीव सोसाट्याचा वारा आणि कधी गारा घेऊन येतो, त्याची दिशा सांगता येत नाही. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून वारा वाहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो उलटा फिरतो आणि पाऊस पूर्वेच्या भिंतींवर येऊ लागतो. म्हणून जुलैभर कोरडी राहिलेली पूर्वेची खिडकी दिवाळीच्या सुमाराला गळू शकते, आणि घरमालक बुचकळ्यात पडतो. पाहणी दोनदा हवी. मार्चमध्ये लाकूड आक्रसलेले असते, तेव्हा फटी दिसतात. ऑक्टोबरात पाणी कुठून शिरते ते कळते.

सुरुवात चौकटीपासून करावी. चौकट बिघडली असेल तर दारावर कितीही मेहनत केली तरी ती वाया जाते. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंना ओळंबा लावावा, मग टेपने दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर चौकट गुण्यात आहे. फरक दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर काळजी नको. त्याहून बराच जास्त असेल तर चौकट बसवतानाच चुकली किंवा नंतर भिंत हलली. अर्धवट उघडे ठेवलेले दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल, तर बिजागऱ्यांची रेघ ओळंब्यात नाही असे समजावे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली केसाएवढी भेग बहुधा गिलाव्याची असते. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. काही महिन्यांत ती खुणेपलीकडे गेली किंवा रुंद झाली, तर सुताराला नव्हे, इमारतीच्या अभियंत्याला बोलवावे.

घासणारे दार ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि तिच्यावर होणारा उपचारही सर्वांत घाईचा. जुलैत दार अडकते, सुतार येतो, रंधा मारतो, दार सुरळीत बसते. मार्च आला की त्याच जागी बोट जाईल एवढी फट दिसते. लाकूड दमट हवेत आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे पावसाळ्यातच घासणाऱ्या दाराला रंधा लावू नये. दार नेमके कुठे घासते ते आधी पाहावे. कुलपाच्या बाजूचा खालचा कोपरा फरशीला लागत असेल, तर दोष बहुतेक वेळा वरच्या बिजागरीच्या सैल स्क्रूचा असतो: दार आपल्याच वजनाने लोंबलेले असते. स्क्रूच्या भोकात सरसात बुडवलेली लाकडाची काडी ठोकून स्क्रू पुन्हा पिळला की काम भागते. संपूर्ण उभी कड घासत असेल तरच फुगवट्याचा संशय घ्यावा, आणि तेव्हा दाराची वरची व खालची कड तपासावी. पॉलिश करणारे या दोन कडा सर्रास वगळतात, कारण त्या कोणाला दिसत नाहीत. ओल मात्र तिथूनच सर्वांत सहज शिरते. वरच्या कडेचा मोबाइलने फोटो काढला की कोरे लाकूड लगेच दिसते. कोरड्या महिन्यात या कडांना पॉलिश किंवा रंगाचे दोन हात दिले की पुढच्या पावसात रंध्याची गरज सहसा पडत नाही.

लाकडाच्या या स्वभावाचा अभ्यास याच शहरात होतो. मल्लेश्वरममध्ये म्हैसूर संस्थानाच्या काळात, १९३८ साली, वनसंशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९८८पासून ती काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था म्हणून काम करते. चौकटीच्या लाकडात किती ओलावा चालेल याची भारतीय मानकेही आहेत आणि ती देशाच्या हवामान-विभागांनुसार वेगळी आहेत. नवे दार घेताना लाकूड पुरेसे वाळवलेले आहे का, एवढा प्रश्न तरी विक्रेत्याला विचारावा. फ्लॅट घेताना दाराची दिशा पाहायला होकायंत्र काढणारे पुष्कळ असतात. बिजागरीचे स्क्रू पाहणारे फार थोडे.

कीड शोधताना नजर खाली हवी. वाळवी जमिनीतून वर येते, म्हणून चौकट फरशीत शिरते तिथे मातीच्या बारीक नळ्या दिसतात का ते पाहावे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट खालून वर ठोकत न्यावी. पोकळ आवाज आला तर तिथे टोक दाबून पाहावे. रंगाचा थर शाबूत आणि आत भुसा, असा प्रकार वाळवीच्या बाबतीत नेहमीचा. छोटी गोल भोके आणि खाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर ते काम भुंग्याचे. त्याचा उपाय वेगळा, म्हणून कीटकनाशकवाल्याला दोन्हींतला फरक सांगता यायला हवा. न्हाणीघराचे दार खालच्या चार बोटांत कुजते. प्लायवूडचे पापुद्रे सुटू लागले असतील तर रंगाने ते झाकू नयेत.

खिडक्यांकडे वळताना आधी खिडकीबाहेर पाहावे. मल्लेश्वरम, बसवनगुडीतल्या जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांवर लाकडी जाळीच्या टोकदार टोप्या असत. ‘मंकी टॉप’ हे त्यांचे स्थानिक नाव. त्या शोभेच्या होत्याच, पण ऊन आणि पाऊस काचेपर्यंत पोचू देत नसत. नंतरच्या घरांत काँक्रीटचा छज्जा आला. आता अनेक उंच इमारतींत तोही नाही. खिडकी भिंतीच्या पातळीत बसते आणि पावसाचा मारा थेट सोसते. छज्जा असेल तर त्याच्या खालच्या बाजूला कडेलगत एक लांब खाच असायला हवी. पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडते, नाहीतर ते छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत सरकते. रंगारी ही खाच लांबी भरून गुळगुळीत करतात. ‘खिडकी गळते’ या तक्रारींपैकी काहींचे मूळ या एवढ्याशा सफाईत असते. खिडकीखालची दगडी पट्टीही बाहेरच्या बाजूला उतरती हवी. तिच्यावर पाणसळ ठेवून पाहावी.

अ‍ॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्यांचे मर्म त्यांच्या खालच्या रुळात आहे. रुळात पाणी येणारच, असे गृहीत धरूनच ती खिडकी बनवलेली असते. ते बाहेर जावे म्हणून रुळाच्या बाहेरच्या बाजूला छोटी भोके ठेवलेली असतात. मगभर पाणी रुळात ओतावे. ते मिनिटभरात बाहेर गेले तर ठीक. तुंबले तर भोके धुळीने, सिमेंटने किंवा उत्साही कारागिराच्या सिलिकॉनने बुजलेली आहेत. ‘गळती थांबवायला’ भोकेच बंद केलेली खिडकी पुढच्या जोराच्या सरीत घरात पाणी सोडते.

हवेची फट शोधायला झडपेत कागदाची पट्टी धरून खिडकी मिटावी आणि पट्टी ओढावी. ती सहज निसटली तर तिथली रबरी किंवा लोकरी पट्टी झिजली आहे. वाऱ्याच्या दिवशी कडेने पेटती उदबत्ती फिरवली तरी धूर वाट दाखवतो. पाण्याची चाचणी नळीने करावी, पण खालून वर: आधी खिडकीखालची भिंत, मग रूळ, मग बाजू, शेवटी वरचा भाग, आणि प्रत्येक जागी दहा-पंधरा मिनिटे थांबून. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून एकदम ओघळते आणि नेमकी जागा कळत नाही. भिंतीत शिरलेले पाणी कधी कधी खिडकीपासून हातभर लांब पोपडे काढते, म्हणून डाग जिथे दिसतो तिथेच भेग असेल असे धरू नये. पन्नास-साठ वर्षांच्या घरांतल्या लोखंडी खिडक्यांत खालच्या कोपऱ्यात गंज साचतो. तो फुगून काचेला तडा देतो.

सुरक्षिततेची तपासणी लोक बाहेरून येणाऱ्या चोरापुरती करतात. सरकती झडप दोन्ही हातांनी वर उचलून पाहावी. ती रुळातून सुटत असेल तर चोराला सोपे आहेच, पण दहाव्या मजल्यावर ती खाली पडण्याचाही धोका आहे. बाल्कनीच्या मोठ्या काचेच्या कोपऱ्यात टफन्ड काचेचा छाप शोधावा. साधी काच फुटली तर तिचे लांब, धारदार तुकडे होतात. लोखंडी जाळ्यांच्या बाबतीत प्रश्न उलटा आहे: आतून बाहेर पडता येते का? २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळुरूच्या कार्ल्टन टॉवर्स या कार्यालयीन इमारतीला आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. धुराने कोंडलेल्या काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. घरातली निदान एक जाळी आतून उघडणारी असावी, आणि तिची किल्ली जवळच पण बाहेरून हात न पोचेल अशा जागी टांगलेली असावी.

दोष सापडल्यावर तो दुरुस्त कोणी करायचा हे घराच्या वयावर ठरते. स्थावर संपदा कायदा, २०१६च्या कलम १४(३)नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला, तर बांधकाम व्यावसायिकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. न केल्यास कर्नाटकच्या रेरा प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तक्रार तोंडी करू नये. खिडकीनिहाय यादी, तारखेसह फोटो आणि पोच एवढे हवेच. मुदत उलटलेल्या इमारतीत झडप, रूळ आणि रबरी पट्टी यांचा खर्च साधारणपणे रहिवाशाचा, तर बाहेरची भिंत आणि छज्जा यांचा विषय रहिवासी संघटनेचा असतो. भाडेकरूने ताबा घेतानाच अडकणारी दारे आणि तडकलेल्या काचा यांची नोंद मालकाकडून सही करून घ्यावी. घर सोडताना अनामत रकमेतून याच गोष्टींसाठी पैसे कापले जातात.