धूमकेतूचे छायाचित्र : स्थिर भूमी व फिरते आकाश

रात्रीच्या भूदृश्यावरील धूमकेतू टिपताना छायाचित्रकाराची अडचण मूलतः गतीची असते. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळील तारे दर सेकंदास सुमारे १५ विकला सरकताना दिसतात. २० सेकंदांच्या उद्भासनात हे सरकणे ५ कला भरते. ३५ मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगातून त्याची सुमारे ०.०५ मिलिमीटर लांबीची रेघ उमटते.

१८८२ च्या महाधूमकेतूच्या वेळी केप वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी, एका स्थानिक छायाचित्रकाराच्या साहाय्याने, ताऱ्यांचा मागोवा घेणाऱ्या दुर्बिणीवर कॅमेरा बसवून दीर्घ उद्भासने घेतली. धूमकेतूबरोबर असंख्य मंद तारेही उमटले आणि तारानकाशांसाठी छायाचित्रणाची उपयुक्तता पटली. मात्र कॅमेरा ताऱ्यांमागे फिरला, की डोंगर व झाडे पुसट होतात. म्हणून २०२० मधील निओवाइज धूमकेतूच्या कित्येक चित्रांत आकाश व भूमी निरनिराळी टिपून नंतर जोडलेली आढळतात.

ही पद्धत त्याज्य नव्हे. परंतु प्रत्येक भागाची वेळ व जोडणी यांची नोंद चित्रासोबत असावी. अन्यथा धूमकेतूची क्षितिजापासूनची उंची मोजू पाहणाऱ्या उत्तरकालीन अभ्यासकास ते चित्र रम्य वाटेल, पण पुरावा म्हणून उपयोगी पडणार नाही.