एडिसनला आई-बाबा आजारी पडले, तर जायचं कुठे?

इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी मुलाकडे, लेकीकडे न्यू जर्सीला गेलेलं असतंच. त्यातही बरेचदा एडिसनला. एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे, ती काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. मात्र जिल्हा म्हटल्यावर आपल्याला आठवतं ते सिव्हिल हॉस्पिटल तिथे शोधू नका. काउंटीचं आरोग्य खातं लसीकरण, साथीचे रोग असली कामं बघतं. मोठी रुग्णालयं ना-नफा संस्थांची आहेत: एडिसनचं जेएफके, शेजारच्या न्यू ब्रन्सविकमधलं रॉबर्ट वूड जॉन्सन आणि सेंट पीटर्स. ना-नफा म्हणजे स्वस्त, असं मात्र नाही हं!

रुग्णालय घरापासून दहा मिनिटांवर असतं. अडचण अंतराची नसते, कुठे जायचं ते ठरवण्याची असते. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे संध्याकाळी नंबर लावला की झालं. तिथे फॅमिली डॉक्टरची वेळ आधी घ्यावी लागते आणि नव्या पेशंटला ती लगेच मिळेलच असं नाही. म्हणून ताप, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय यांसाठी अर्जंट केअर. दुकानांच्या रांगेत असे दवाखाने असतात, वेळ न घेता जाता येतं, पण रात्री ते बहुधा बंद होतात.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, धाप लागणं, यांपैकी काही झालं तर अर्जंट केअरला जाऊन वेळ घालवू नका. 911 लावा. न्यू जर्सीत प्राथमिक रुग्णवाहिका गावाची, पुष्कळदा स्वयंसेवकांची असते. गंभीर रुग्णासाठी रुग्णालयाचे पॅरामेडिक वेगळ्या गाडीतून येतात. दारात दोन-दोन गाड्या बघून घाबरू नका, पद्धतच तशी आहे.

इमर्जन्सी विभागात पैशांसाठी अडवतील का? नाही. 1986 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे आधी तपासणी आणि जिवावरचा धोका असेल तर प्रकृती स्थिर करणं बंधनकारक आहे, विमा असो वा नसो. पण 'आधी उपचार' म्हणजे 'फुकट उपचार' नव्हे. बिल नंतर येतं आणि एकच येत नाही. रुग्णालयाचं, डॉक्टरांचं, एक्स-रे वाचणाऱ्याचं, रुग्णवाहिकेचं वेगवेगळं येऊ शकतं.

इथेच प्रवासी विम्याचा प्रश्न येतो, आणि आपली माणसं इथेच फसतात. स्वस्तातल्या 'फिक्स्ड' पॉलिसीत प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते, वरचं सगळं आपल्या खिशातून. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' महाग, पण मोठ्या दुखण्यात तीच उपयोगी. दुसरी मेख जुन्या आजारांची. बाबांना दहा वर्षं रक्तदाब आहे आणि तिथे हृदयविकाराचा झटका आला, तर कंपनी त्याला जुन्या आजाराशी जोडू शकते. अशा आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास पॉलिसीत धरला आहे का, किती रकमेपर्यंत, आणि सत्तरीनंतर ती मर्यादा कमी होते का, हे तिकीट काढण्याआधी वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

मोठं बिल आलंच तर घाईने कार्ड पुढे करू नका. तपशीलवार बिल मागा. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. पाहुण्यांना ते लागू पडेलच असं नाही, पण विचारायला लाज कसली? आईला इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाषा मागा. तो फुकट मिळायला हवा. फोनवर मराठी दुभाषाही मिळू शकतो. नाहीतर नातवंडांकडून भाषांतर करून घेताना आजी आपलं अर्धं दुखणं लपवते.

शेवटचं, गोळ्यांचं. आपली ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत, आणि पॅरासिटामॉलला तिथे असिटॅमिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. म्हणून औषधांची मूळ नावं, मात्रा, ॲलर्जी आणि विम्याचा नंबर एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा. दुसरी प्रत बाबांच्या पाकिटात ठेवा.