वरचा विस्तव

बार्देशातल्या एका जुन्या घराच्या माडीवर मी तीन वर्षं भाड्याने राहिलो. त्या घराच्या मागच्या पडवीत डिसेंबरच्या वीस-बावीस तारखेला एक चूल मांडली जायची. वर्षभर स्वयंपाक गॅसवरच होई, पण त्या दिवशी आठवडाभर आधीपासून उन्हात वाळवलेली नारळाची सोडणं पेटवली जायची. घरमालकीण सत्तरी ओलांडलेली. सगळा वाडा तिला तिया म्हणायचा, म्हणून आम्हीही तियाच म्हणायचो. ती ठेंगण्या बाकावर बसून घ्यायची, शेजारी झाकलेलं एक मोठं पातेलं, तुपाची वाटी, लांब दांड्याचा डाव आणि सांडशी. एकदा बसली की दुपारचं जेवणसुद्धा तिथेच. त्या दिवशी घरात बेबिंका होत असे.

गोव्याच्या नाताळाची ही मानाची मिठाई बहुतेक मराठी माणसांनी पाहिलेली असते ती पणजीच्या किंवा मडगावच्या दुकानात, प्लास्टिकच्या डबीत बंद झालेली. खैरे-पिवळे पट्टे असलेला, जड, गोड, तुपकट तुकडा. तो कसा बनतो हे पाहिल्याशिवाय या पदार्थाची किंमत कळत नाही असं मला वाटतं. निदान मला तरी ती त्या पडवीतच कळली.

सामग्री मोजकी आहे. तियाचं प्रमाण असं होतं: तीन नारळांचा पहिला, दाट रस, अर्धा किलो साखर, पाव किलो मैदा, वीस अंड्यांचे बलक, पाव किलो साजूक तूप, अर्ध्या जायफळाची पूड आणि चिमूटभर मीठ. शेजारच्या घरी बलक कमी, कुठे मैदा थोडा जास्त. प्रत्येक घराची वही वेगळी. नारळ खवून, वाटून, फडक्यातून पिळायचा आणि पाणी जवळजवळ घालायचंच नाही. त्या रसात साखर विरघळवायची, फेटलेले बलक घालायचे, मैदा थोडा थोडा टाकत गुठळी होऊ द्यायची नाही आणि शेवटी सगळं मिश्रण गाळून घ्यायचं. इथपर्यंत कोणत्याही सुगरणीला जमेल. खरी कसोटी चुलीपाशी लागते.

जाड बुडाच्या भांड्यात दोन चमचे तूप तापवायचं आणि त्यावर एक डाव मिश्रण ओतायचं. मग भांड्यावर पत्रा ठेवायचा आणि त्या पत्र्यावर सोडणांचे लाल निखारे पसरायचे. सुरुवातीला खाली थोडी धग असते, पण पहिला थर धरला की खालचा विस्तव काढून टाकायचा. पुढचं सगळं भाजणं वरूनच. पंधरा-वीस मिनिटांनी तिया सांडशीने पत्रा उचलायची, राखेचा कण आत पडू न देता. पृष्ठभाग भाजक्या काजूच्या रंगाचा झालेला असला आणि बोटाला चिकटत नसला, की त्यावर चमचाभर तूप सोडायची. ते चर्रर्र वाजलं की पातेल्यातलं मिश्रण तळापासून ढवळून दुसरा डाव ओतायची. ढवळायचं अशासाठी की मैदा खाली बसतो. न ढवळता ओतलं तर पहिले थर पातळ आणि शेवटचे पिठाळ होतात. पुन्हा पत्रा, पुन्हा निखारे. सात थरांना अडीच-तीन तास लागतात. सोळा थरांची बेबिंका करायची म्हणजे दिवस गेलाच.

दुसऱ्या वर्षी तियाने मला पाच मिनिटं चुलीपाशी बसवलं आणि ती आत गेली. मला वाटलं थर झाला. वरून खैरा दिसत होता, पण मध्यभागी अजून थरथरत होता. मी तूप सोडलं, डाव ओतला, आणि नवं मिश्रण त्या थराला भोक पाडून आत शिरलं. तिया बाहेर आली, एक नजर टाकली आणि एवढंच म्हणाली, "राव रे, आजून ना." अजून झालं नव्हतं, थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी बेबिंका कापली तेव्हा त्या जागी दोन थरांचा मिळून एक जाड, फिकट, चिकट पट्टा झालेला होता. त्या तीन वर्षांत मी अनेक बेबिंका चाखल्या, पण थर का आणि कसा धरतो हे मला शिकवलं ते त्या पट्ट्याने.

अंड्याचा बलक साधारण ६५ ते ७० अंश सेल्सियसला घट्ट व्हायला लागतो. वरून आच दिली की थर आधी वरच्या अंगाने आवळतो आणि साखर व अंडं मिळून तिथे खैरी साय धरते. दोन थरांमधली भिंत म्हणजे हीच साय. तिच्यावर तुपाचा हात फिरला की नवं मिश्रण आत न मुरता तिच्यावर पसरतं. खालून जाळ लागत राहिला असता तर आधीचे थर पुन्हा पुन्हा भाजून कडक झाले असते आणि त्यांतलं तेल सुटलं असतं. वरच्या विस्तवामुळे प्रत्येक थर जवळपास एकदाच भाजला जातो आणि मग पुढच्या थराखाली झाकला जातो. म्हणून चांगल्या बेबिंकेचा सर्वांत खालचा, सर्वांत जुना थरसुद्धा मऊ असतो.

कोकणातल्या वाचकाला झाकणावरचे निखारे नवे नाहीत. काकडीचं धोंडस किंवा तवसळी आपल्या आज्या अशीच करत, वर विस्तव आणि खाली विस्तव. ओव्हन घराघरांत येण्याआधी नानकटाईसुद्धा कित्येक ठिकाणी तशीच भाजली जायची. फरक एवढाच की तिथे एकदा झाकण लावलं की बाई दुसऱ्या कामाला मोकळी. बेबिंका उठू देत नाही.

आता बहुतेक घरांत विजेचा ओव्हन आहे. त्यातली खालची कॉइल बंद ठेवून फक्त वरची, ग्रिलची चालू केली की तेच काम होतं. इंग्लंडात स्विंडनला जाऊन वसलेल्या गोंयकारांच्या स्वयंपाकघरातही बेबिंका अशीच होते. निखाऱ्याशिवाय ती खरी नव्हे असं म्हणणारे भेटतात, पण मला ते पटत नाही. सोडणांच्या धुराचा एक हलका वास ओव्हनमध्ये येत नाही, हे खरं. बाकी थर थर आहे, आणि त्याला लागणारा वेळ ओव्हनमध्येही तेवढाच लागतो.

बेबिंकेच्या जन्माची गोष्ट गोव्यात सगळीकडे सांगितली जाते. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात बेबियाना नावाची जोगीण होती, तिने लिस्बनच्या सात टेकड्यांची आठवण म्हणून सात थरांची मिठाई केली, पाद्र्यांना ती पुरेना म्हणून थर वाढवले. मठातल्या झग्यांना खळ द्यायला अंड्यांचा पांढरा भाग वापरला जाई आणि बलक उरत, अशी पुस्तीही जोडतात. मठ मात्र खराच आहे. १६०६ मध्ये पायाभरणी झालेली आणि १६२७ मध्ये पुरी झालेली ती तीन मजली प्रचंड वास्तू आजही होली हिलवर उभी आहे. पोर्तुगालमध्ये मठांतून निघालेल्या मिठायांची मोठी परंपरा आहे आणि तिचा सगळा भर बलक आणि साखर यांच्यावरच आहे. तेव्हा गोष्टीतला मठ आणि बलक मला मान्य आहेत.

बेबियानाबद्दल मात्र मला शंका आहे, आणि ती बेबिंका या नावामुळेच. फिलिपिन्समध्ये नाताळाच्या आधीच्या पहाटेच्या प्रार्थनांनंतर चर्चच्या दारात जो तांदळाचा, नारळाच्या रसातला केक विकतात त्याला बिबिंगका म्हणतात, आणि तो परंपरेने वर-खाली निखारे ठेवूनच भाजतात. मकावमध्येही बेबिंका नावाचं दुधाचं पुडिंग आहे. पॅसिफिकमधल्या चक्रीवादळांसाठी मकावने दिलेल्या नावांत बेबिंका होतं; सप्टेंबर २०२४ मध्ये शांघायला धडकलेलं वादळ तेच. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का, १५५७ च्या सुमारास ते मकावला स्थिरावले, आणि मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या हाताखाली होता. या बंदरांमधून माणसं, मसाले आणि स्वयंपाकी सतत जात-येत होते. हे नाव आणि ही वरच्या विस्तवाची रीत त्याच गलबतांतून फिरली असावी, मठाने तिला बलक आणि साखर दिली असावी, आणि नारळ तर परसातच होता. एका जोगिणीच्या गोष्टीपेक्षा मला ही समुद्रातून आलेली गोष्ट अधिक मोठी वाटते.

नाताळाच्या ताटातला दोदोलही त्याच वाटेने आला असावा. मलेशिया-इंडोनेशियात तो याच नावाने करतात. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ पातेल्यात तासन्‌तास घोटायचा, तेल सुटून गोळा कडा सोडेपर्यंत. एकट्याचा हात भरून येतो म्हणून घरातले आळीपाळीने बसतात. शिवाय नेवऱ्यो, म्हणजे आपल्या करंज्याच, हरभऱ्याची डाळ आणि खोबऱ्याचं दोस, रवा-खोबऱ्याचा बाथ, पेरूचं पेराद, आणि काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळलेले कुलकुल. कुलकुलाच्या दिवशी मुलांना सुट्टी लागलेली असते आणि पिठाचे गोळे त्यांच्या हाती दिले जातात. या सगळ्या ताटाला कुस्वार म्हणतात, कुणी पोर्तुगीज शब्द धरून कोंसुआद म्हणतात.

हे ताट घरच्यांसाठी नसतंच मुळी. नखेत्रं, म्हणजे आकाशकंदील, लागले आणि गोठ्याचा देखावा मांडून झाला की क्रोशाच्या रुमालाने झाकलेल्या बशा वाड्यात फिरू लागतात. चवथीला आणि दिवाळीला ज्या हिंदू घरांतून नेवऱ्या आलेल्या असतात तिथे हमखास. ज्या घरात त्या वर्षी मरण झालं असेल तिथे गोडधोड करत नाहीत, तिथे बशी आधी जाते. आपल्याकडे दुःख असलेल्या घरी शेजारी फराळ पाठवतात, तेच हे. तिया बेबिंकेचे काप मोजून करायची, आणि तिच्या यादीतल्या सोळा घरांपैकी सात घरं हिंदूंची होती. वसईतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतही नाताळात करंज्यांचा घाट असाच असतो. नाताळ हा आपला शब्दच मुळी पोर्तुगीज.

२०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळाला. त्याची गरज होती. पर्यटक वाढले तशी वर्षभर विकली जाणारी बेबिंकाही वाढली, आणि तिच्यात बलकांऐवजी सबंध अंडी, तुपाऐवजी वनस्पती तूप आणि भाजण्याच्या रंगाऐवजी बाटलीतला रंग शिरला. ती ओळखणं सोपं आहे. थर एकसारखे जाड आणि चकचकीत असतात, दाताला रबरासारखे लागतात आणि खाल्ल्यावर टाळूला मेणचट राप बसतो. चांगल्या बेबिंकेचे थर थोडे वेडेवाकडे असतात, कारण डाव हाताने ओतलेला असतो. काप हलकेच वाकवला तर थर एकमेकांपासून सुटतात आणि मागे जायफळ व भाजक्या नारळाचा वास राहतो. शिक्क्याने नावाचं रक्षण होईल. चव मात्र अजूनही घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या बायकांच्या हातात आहे. त्यांच्यातल्या पुष्कळशा साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या सुना-मुली नोकरीला जातात. पूर्ण दिवस चुलीपाशी बसायचा तर त्या दिवसाची मजुरी निघायला हवी, हा त्यांचा साधा हिशोब आहे आणि तो बरोबर आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. येत्या डिसेंबरात गोव्यात असाल तर रस्त्यावरच्या दुकानातला पहिला डबा उचलू नका. ज्या गावात उतराल तिथे घरी बेबिंका कोण करतं ते विचारा, कुणी ना कुणी सांगतंच. आठवडाभर आधी ऑर्डर द्या आणि सांगितलेल्या भावात घासाघीस करू नका. वीस बलक, तीन नारळ आणि एका बाईचा सबंध दिवस त्यात आहे. घरी आणल्यावर लगेच कापू नका, एक रात्र जाऊ द्या. डिसेंबरच्या गारव्यात ती तीन-चार दिवस बाहेर टिकते, पुढे फ्रिजमध्ये ठेवावी लागते. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, बोटभर जाडीचे काप करा आणि थोडे कोमट करून द्या. पहिला काप शेजारच्या घरी पाठवा.