घरी पोचला, पण ओळखणार कोण?

होमरच्या ‘ओडिसी’चं नाव काढलं की वादळं आणि एकडोळ्या राक्षस आठवतो. पण २४ सर्गांपैकी १३व्यातच नायक ओडिसियस घरी, इथाकाला पोचतो! पुढचं बहुतेक सगळं तिथलंच. २० वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात आलेल्या या राजाची ओळख कशी पटते पाहा :

🔸 म्हातारा कुत्रा आर्गोस शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो.
🔸 दाई युरिक्लियाच्या हाताला पाय धुताना रानडुकराच्या सुळ्याचा जुना व्रण लागतो.
🔸 पत्नी पेनेलपी पलंग बाहेर काढायला सांगते. तो चिडतो, कारण जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्यापासून त्यानेच घडवलेला पलंग हलणार कसा?

सुरुवातीला एमिली विल्सनचा २०१७चा इंग्रजी अनुवाद घ्या. १३व्या सर्गापासून मात्र सावकाश वाचा!