थंडीत डिझेल ट्रकला 'शेक' कशासाठी?



पौषातल्या पहाटे आपल्या वालावलच्या तळ्यावर धुकं असतं आणि घरात बाटलीतलं खोबरेल तेल थिजलेलं असतं. तरी चिरे भरायला निघालेला ट्रक चावी फिरवली की लगेच सुरू होतो. हाच ट्रक लडाखमध्ये द्रासला रात्रभर उभा ठेवला तर सकाळी नुसता घरघरेल. तिथे पारा उणे वीसच्याही खाली जातो.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. पिस्टन सिलिंडरमधली हवा दाबून तिच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याएवढी करतो. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना? तेच इथे होतं, फक्त हवा पाचशे अंशांच्या वर तापते. तिच्यात डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो. पण भोवतीचं लोखंड बर्फासारखं असलं, तर ही उष्णता ते लोखंडच पिऊन टाकतं. त्यात इंजिन ऑईल काकवीसारखं घट्ट झालेलं आणि बॅटरीचा जोर निम्म्यावर. फिरवायचं ते जड, आणि फिरवणारा अशक्त!

म्हणून इंजिनालाच आधी शेक द्यायचा. ब्लॉक हीटर म्हणजे बादलीत पाणी तापवायच्या रॉडचा धाकटा भाऊ. तो ब्लॉकमधल्या कूलंटच्या वाटेत बसवतात. तापलेलं कूलंट वर चढतं, थंड खाली येतं, आणि हळूहळू सगळा ब्लॉक कोमट होतो. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी अशा हीटरचं पेटंट 1949 मध्ये मिळवलं. कॅनडात तर हिवाळ्यात गाड्यांच्या तोंडाशी प्लगची वायर लोंबताना दिसते, आणि पार्किंगमध्ये त्यासाठी सॉकेट असतात.

रात्रभर लावून ठेवायची गरज नसते, निघण्याआधी तीन-चार तास पुरतात. आता गणित करा: 1000 वॉटचा हीटर 3 तास, म्हणजे किती युनिट? बरोबर, 3. रात्रभर 10 तास लावला तर 10. म्हणून टायमर लावतात.

कूलंट नसताना हीटर लावला तर कोरड्या बादलीतल्या रॉडसारखा तो जळतो. वायर जाड आणि अर्थिंगची हवी, कारण खाली ओला बर्फ असतो. आणि निघताना प्लग काढायचा, नाहीतर वायर तुटून सोबत जाते.

वीज नसेल तिथे काही ड्रायव्हर गाडीखाली शेकोटी पेटवतात. डिझेलच्या टाकीशेजारी आग! दुसरे रात्रभर इंजिन चालू ठेवून केबिन बंद करून झोपतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. तुमच्यापैकी कुणाचे बाबा, काका तिकडे गाडी चालवत असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

एक मात्र लक्षात ठेवा, ब्लॉक हीटर टाकीतलं डिझेल तापवत नाही. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. तो खोबरेल तेलासारखाच थिजतो आणि फिल्टर तुंबतो. त्यासाठी इंधनच वेगळं लागतं. इंडियन ऑईलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार होणारं हे डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं.