नित्याच्या मेजावरील वाइन : थोडक्यात माहिती

व्याख्या : द्राक्षरस आंबवून सिद्ध होणाऱ्या, मद्यार्काचे प्रमाण साधारणतः 12 ते 14 टक्के असणाऱ्या आणि वर्षा-दोन वर्षांतच प्यावयाच्या वाइनचा या वर्गात समावेश होतो.

मोल : ओकची पिंपे, दीर्घ साठवण व आयातीवरील जकात यांनी किंमत वाढत असल्यामुळे पोलादी टाक्यांत तयार होणारी देशी वाइन तुलनेने स्वस्त पडते, महाराष्ट्र शासनाने 2001 च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणान्वये तिला अबकारी करात सवलत दिली.

वाण : मूळचे फ्रान्समधील, परंतु नाशिक परिसरात उत्तम रुजलेले शेनिन ब्लाँ (पांढरी) व शिराझ (लाल). तेथील काढणी मुख्यत्वे जानेवारी ते मार्च.

लेबल : स्पेनमध्ये लाल वाइनला ‘रिझर्वा’ म्हणण्यास किमान 3 वर्षे मुरवण, त्यांपैकी किमान 1 वर्ष ओकच्या पिंपात, कायद्याने आवश्यक, भारतात ‘रिझर्व्ह’ शब्दास असे मुदतीचे बंधन नाही.

झाकण : फिरकीचे झाकण हे हीन प्रतीचे लक्षण नव्हे.

परिमाण व जतन : बाटली 750 मिली, अर्थात 150 मिलीचे 5 पेले, उघडल्यावर घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्यास सुमारे 3 दिवस टिकते.