दारापर्यंत आलेली बालवाडी

मनुष्याच्या आयुष्यातील पहिली सहा वर्षे ही वाढीच्या दृष्टीने सर्वांत वेगाची आणि म्हणूनच सर्वांत नाजूक वर्षे होत. निरोगी अर्भकाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या वेळेच्या दुप्पट आणि वर्षअखेर तिप्पट होते. मेंदूची बहुतांश वाढही या पहिल्या काही वर्षांतच होते. तथापि नेमक्या याच काळात मूल सार्वजनिक व्यवस्थेच्या नजरेआड असते. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते आणि भूक किंवा दुखणे त्याला शब्दांत सांगता येत नाही. त्याची सारी भिस्त घरावर असते, घराची आईवर असते, आणि आई पहाटेच मजुरीला जात असेल तर ती भिस्त सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीवर येऊन पडते.

अशा कुटुंबाला समाजाने कोणत्या रीतीने हातभार लावावा? या प्रश्नाला आपल्या देशाने दिलेल्या उत्तराचे नाव ‘अंगणवाडी’ असे आहे. या नावामागे एक अनुभव आहे. तो समजून घेतल्यास या कार्याचे मर्म आणि त्याच्या उणिवा या दोन्हींचा उलगडा होतो.

बोर्डीचा अनुभव

भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याच्या या प्रयोगात ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु ही बालमंदिरे मुख्यतः शहरांतील सुस्थित कुटुंबांपुरती राहिली. त्यांची साधने महाग होती आणि मुले घरून न्हाऊन-जेवून येतील हे त्यांत गृहीत धरलेले असे. खेड्यांतील दरिद्री मुलांपर्यंत बालशिक्षण न्यावे, या हेतूने ताराबाईंनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ तेव्हापासूनच त्यांच्यासमवेत होत्या.

बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली ती दलित वस्त्यांतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले तेथे फिरकेनात. शिक्षिका घरोघर जाऊन मुलांना गोळा करीत, त्यांना न्हाऊ-माखू घालीत, तरीही दुसऱ्या दिवशी जागा पुन्हा रिकामी. याची कारणे साधी होती. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कोणाला बकऱ्या राखायच्या असत, आणि सकाळी मुलाला तयार करून धाडायला घरी कोणी मोठे माणूसच नसे. दोष पालकांच्या अनास्थेचा नसून बालवाडीच्या जागेचा आणि वेळेचा आहे, हे ताराबाईंनी ओळखले. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने मुलाकडे गेले पाहिजे. मग वस्तीतल्याच एखाद्या घराचे अंगण झाडून-सारवून तेथे बालवाडी भरू लागली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला.

जागा बदलताच बाकीच्या गोष्टीही बदलल्या. विकत घेतलेल्या साधनांची जागा शंख-शिंपले, चिंचोके, पाने, काड्या आणि खडे यांनी घेतली. मोठ्या मुलीबरोबर तिच्या कडेवरचे तान्हे मूलही येऊ लागले. त्याला परत न पाठवता त्याच्यासाठी पाळणाघराची सोय झाली. शिक्षिका मुलांची नखे कापते, डोळे पुसते, खरूज धुते हे दारात उभ्या राहून पाहणाऱ्या आया हळूहळू स्वतःही शिकू लागल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा यांना एकत्र गुंफणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर चराईच्या रानातच ‘कुरणशाळा’ भरू लागली.

राष्ट्रीय योजना

१९७४ साली भारत सरकारने मुलांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा ३३ प्रकल्पांतून प्रारंभ झाला. तिच्या गावपातळीवरील केंद्राला ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले.

या योजनेत सहा सेवा एकत्र आणल्या आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था, शाळापूर्व अनौपचारिक शिक्षण, आणि मातांना आहार व आरोग्य यांविषयी मार्गदर्शन. ‘एकात्मिक’ या शब्दाला येथे नेमका अर्थ आहे. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाला नुसता आहार दिल्याने ते सुधारत नाही. गोवराने खंगलेल्या मुलाला अन्नाबरोबर औषधोपचारही हवा असतो. आणि पोट भरलेले असले तरी ज्याच्याशी कोणी बोलत-खेळत नाही, त्या मुलाची बुद्धी कोमेजते. या गोष्टी मुलाच्या शरीरात एकत्र नांदतात. त्या वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकल्या तर मूल मध्येच हरवते.

केंद्राचा भार गावातील दोन स्त्रियांवर असतो: सेविका आणि मदतनीस. मुलांना गोळा करणे, गाणी-गोष्टी सांगणे, आहार शिजवून वाढणे, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणे, घरोघर भेटी देणे आणि अनेक नोंदवह्या भरणे, इतकी कामे त्या करतात.

वजनाच्या तक्त्याची भाषा

त्यांच्या हातातील सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे वाढीचा तक्ता. डेव्हिड मॉर्ले या डॉक्टरांनी नायजेरियातील एका खेड्यात काम करताना त्याचा प्रसार केला आणि पुढे तो जगभर गेला. तक्त्यात आडव्या रेषेवर वयाचे महिने आणि उभ्या रेषेवर वजनाचे किलो मांडलेले असतात. दरमहा मुलाचे वजन करून एक टिंब द्यायचे आणि टिंबे जोडत जायचे, इतकीच ही रीत आहे.

मूल आठ किलोचे आहे एवढ्याने फारसे काही कळत नाही. रेषा वर चढत असेल तर मूल वाढते आहे. ती आडवी झाली तर काहीतरी बिघडले आहे. खाली वळली तर विलंब न करता उपाय हवा. जेथे बहुतेक मुले खुरटलेली असतात तेथे खुरटलेले मूल आईला इतरांसारखेच दिसते, म्हणून कुपोषण डोळ्यांना दिसत नाही. तक्ता ते दाखवतो, आणि तेही मूल अंथरुणाला खिळण्यापूर्वी. परंतु रेषा काढून वही मिटून ठेवली तर या श्रमाचा उपयोग नाही. ती आईला दाखवून, घरात काय आहे आणि त्यातून काय करता येईल हे तिच्याशी बोलणे हाच या पद्धतीचा प्राण होय.

जे मूल चालत येत नाही

येथेच या योजनेची मोठी अडचण समोर येते. मुलाची वाढ खुंटण्याचा मुख्य काळ गर्भावस्थेपासून दुसऱ्या वर्षापर्यंतचा असतो. सहाव्या महिन्यानंतर केवळ आईचे दूध पुरत नाही. बाळाचे पोट लहान असल्यामुळे त्याला मऊ आणि सकस अन्न दिवसातून अनेक वेळा भरवावे लागते. अंगणवाडीत गरम आहार घेण्यास येते ते मात्र तीन ते सहा वर्षांचे, स्वतःच्या पायांनी चालणारे मूल. त्याहून लहानांसाठी शिधा घरी दिला जातो आणि तो पुष्कळदा साऱ्या कुटुंबात वाटला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी सुमारे ११ टक्केच होती.

तामिळनाडूत १९८० साली सुरू झालेल्या पोषण प्रकल्पाने या वयाकडे मुद्दाम लक्ष दिले. सहा ते छत्तीस महिन्यांच्या मुलांचे दरमहा वजन करायचे, ज्यांची वाढ अडली असेल त्यांनाच काही काळ पूरक आहार द्यायचा, वजन वाढले की तो थांबवायचा आणि मातांशी सतत संपर्क ठेवायचा, अशी त्याची पद्धत होती.

दुसरी अडचण आईच्या कामाची आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मोठ्या कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती केली. पण शेतात, वीटभट्टीवर आणि बांधकामावर राबणारी स्त्री त्या कक्षेबाहेरच राहिली. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असता मजुरांची मुले उन्हात, धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली. त्यांनी तेथेच तंबूत पाळणाघर सुरू केले. बांधकाम संपून मजूर पुढच्या जागी गेले की पाळणाघरही त्यांच्यामागे जाई. म्हणूनच ‘मोबाईल क्रेशेस’ हे नाव रूढ झाले. छत्तीसगडातील ‘फुलवारी’ केंद्रांत गावातलीच एक स्त्री सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या काही मुलांना दिवसभर सांभाळते आणि ठरावीक वेळाने भरवते. त्यामुळे आई निश्चिंत मनाने कामावर जाते आणि थोरली बहीण शाळेत जाऊ शकते.

हक्क आणि मोल

सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी असा आदेश दिला आणि २००६ साली केंद्रांची संख्या चौदा लाखांपर्यंत नेण्यास सांगितले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने अंगणवाडीतील आहार हा बालकाचा व मातेचा कायदेशीर हक्क ठरवला. ३३ प्रकल्पांनी सुरू झालेले काम आज देशभर पसरले आहे. हे काम करणाऱ्या स्त्रिया मात्र आरंभापासून ‘मानधना’वरील स्वयंसेविकाच गणल्या गेल्या. त्यांना निवृत्तीच्या वेळी उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून मान्य होण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

केंद्रांची संख्या, इमारती आणि नोंदवह्या यांचे महत्त्व आहेच. परंतु बोर्डीच्या त्या रिकाम्या बालवाडीलाही जागा होती, साधने होती आणि शिक्षिकाही होत्या. नव्हती ती केवळ मुले. म्हणून एखाद्या गावात हे कार्य कसे चालले आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर केंद्रात किती मुले आली हे मोजून भागणार नाही. जी आली नाहीत ती कोणाची आहेत, ती कोठे आहेत आणि त्यांच्या अंगणापर्यंत कोणी गेले काय, हे विचारले पाहिजे.